दीडशे टक्क्यांचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. बारा फूट लांब, आठ फूट उंच. सध्या गगनबावड्याच्या अलीकडच्या एका वाडीत, आकाराम यांच्या गोठ्यावर पालथा पडलोय. पाठीवर पाऊस आणि तोंड खाली म्हशीकडे. माझ्यावरची अक्षरं अजून धड वाचता येतात : 'कोल्हापुरात आयटी नोकऱ्यांत १५० टक्के वाढ!' म्हैस रवंथ करत त्यांच्याकडे बघत बसते. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचं काही बिघडलं नाही. मित्रांनो, ज्यांना वाचता आलं त्यांचं काय झालं ते सांगतो.

माझा जन्म मंगळवार पेठेतल्या एका छपाईच्या दुकानात झाला. यंत्रातून शाईचा वास मारत बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, आपल्याला जगाला काहीतरी मोठं सांगायचंय. कोल्हापुरात फ्लेक्सचा मान काय असतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड होवो, कुणाची बैलजोडी शर्यत मारो, आधी फ्लेक्स लागतो आणि मग बाकीचं होतं. फ्लेक्सवर आलं म्हणजे ते झालंच, असं इथं लोक धरून चालतात. मीही तसंच धरून चाललो होतो.

मला छापून घेतलं उदयसिंह सरांनी. राजारामपुरीत त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास. माझ्यावरचा आकडा मात्र त्यांच्याकडे शिकवणाऱ्या प्रीती मॅडमनी काढलेला. बाईंनी आठवडाभर शहरातल्या आयटी कंपन्यांना फोन लावले. फोन उचलला सहा जणांनी. त्या सहा ठिकाणी मिळून गेल्या वर्षी आठ नवी पोरं लागली होती, यंदा वीस लागली. आणि त्या सहांतलं एक ठिकाण सरांचंच होतं, क्लासच्या वरच्या मजल्यावरचं. वीसपैकी सात पोरं तिथलीच, क्लास संपवून पगाराशिवाय अनुभव घेणारी.

छपाईच्या दुकानात प्रीती मॅडम भीत भीत म्हणाल्या, "सर, दीडशे टक्के बरोबर हाय, पण आठाच्या वीस झाल्यात. तेवढं खाली बारीक छापूया की."

"जागा न्हाय मॅडम," सर म्हणाले.

जागा नाही म्हणे! माझ्या अंगावर सरांचा हात जोडलेला फोटो चार फुटांचा. शेजारी अकरा शुभेच्छुकांची तोंडं, त्यातले तिघे गॉगल लावलेले. आठ आणि वीस या दोन आकड्यांना मात्र चार बोटं जागा निघाली नाही. मॅडमनी आठ आणि वीस लिहिलेला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. माझ्या अंगावर दीड फुटांची अक्षरं होती, पण तोंड मला कुणी दिलं नव्हतं.

राजारामपुरीत क्लासच्या इमारतीवर मला टांगलं आणि माझी चैन सुरू झाली. सिग्नलला थांबलेले लोक मान वर करून मला वाचायचे. रिक्षावाले एकमेकांना सांगायचे, आता पोरांना पुण्याला जायला नको. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो.

मग एका शनिवारी आकाराम आणि त्यांची मुलगी स्वप्नाली माझ्याखाली येऊन उभे राहिले. पोरगी बी.एस्सी. झालेली. दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिची नेमणूक झाली होती. पत्र तिच्या पिशवीतच होतं आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. बापलेक बाजाराला म्हणून शहरात आले होते. आकाराम यांनी मला मोठ्यानं वाचलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"शंभर पोरं गेली तर दीडशे जागा!" ते म्हणाले. "पन्नास खुर्च्या मोकळ्याच ऱ्हात्यात की गं."

हसू नका मित्रांनो. टक्के म्हटले की शंभरातले, एवढं त्यांना दहावीच्या निकालामुळं माहीत होतं. शंभरावर गेलं म्हणजे सगळे पास होऊन वर जागा उरली, असा त्यांनी सरळ हिशेब लावला. स्वप्नालीला तो पटला नाही. वर जाऊन तिनं सरांना विचारलं, हे दीडशे टक्के कशाचे? सर हसले आणि आकाराम यांच्याकडे वळून म्हणाले की मुलगी हुशार आहे, पण शंका फार काढते, अशी पोरं मागं राहतात. आकाराम ओशाळले. लेकीला त्यांनी तिथंच दटावलं. झेरॉक्स मशीनपाशी प्रीती मॅडम उभ्या होत्या, हातात तोच आठ आणि वीसचा कागद. त्यांनी मान वर केली नाही. सोमवारी स्वप्नाली दूध संघात गेलीच नाही. तिची जागा आठवड्यात दुसऱ्या मुलीला मिळाली.

ती आठ महिने शिकली, मन लावून शिकली. पुढं तिला वरच्या मजल्यावर बसवलं. तिथं चार महिने ती दुकानांच्या याद्या टाइप करत होती. पगार नाही, पत्र नाही. तेवढ्यात वर्ष फिरलं. मला उतरवून जिन्याखाली कोंबलं आणि माझ्या जागी नवा फ्लेक्स लागला. आकडा आणखी फुगलेला, आणि खाली नोकरी लागलेल्यांचे फोटो. तिसरा फोटो स्वप्नालीचा, ओळखपत्रावरून काढलेला. दुसऱ्याच दिवशी वरून निरोप आला की आता नवी बॅच येणार आहे, खुर्ची रिकामी कर.

जिन्यात ती प्रीती मॅडमना आडवी गेली. मी तिथंच घडी होऊन पडलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, ह्या आकड्यात मी हाय?"

"हायेस."

"मग माझी नोकरी कुठं हाय?"

मॅडमनी हातातले कागद उलटे केले, पण वरचा जुना हिशेब, आठाच्या वीस आणि त्यातले सात घरचे, स्वप्नालीनं तोवर वाचला होता; मॅडम तशाच जिना उतरून गेल्या. लाज वाटली असावी. पण त्या लाजेचा कुणाला काय उपयोग?

तेवढ्यात आकाराम पेढ्यांचा पुडा घेऊन आले. वाडीतल्या कुणीतरी लेकीच्या फोटोचा फोटो काढून मोबाईलवर पाठवला होता. त्यांनी शिपायाला पेढा दिला, सरांना दिला, आणि जिन्याखाली मला बघून मागूनच घेतलं. म्हणाले, ह्याच फ्लेक्सनं पोरीचं कल्याण केलं, गोठ्यावर घालतो, डोळ्यापुढं राहील. मला तिथंच फाटून जावंसं वाटलं.

एसटीत साळवण गाव येईपर्यंत पोरगी पेढ्यांचा पुडा मांडीवर धरून बसली. मग तिनं सगळं सांगितलं. आकाराम खिडकीबाहेर बघत राहिले. वाडीच्या थांब्यावर उतरले तर समोर ताजा फ्लेक्स! 'आमच्या वाडीची शान कु. स्वप्नाली हिचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली सगळ्या तरुण मंडळाचे फोटो. आकाराम तिथंच थबकले. मग मला खांद्यावर नीट घेत लेकीला म्हणाले, "आता कुणाला सांगू नगं."

तेव्हापासून ती सुट्टीवर आहे. वाडी तसंच समजते. स्वप्नाली माझ्याखाली बसून धार काढते आणि दूध डेअरीवर घालते. एकदा तिनं चुलीतला विझलेला कोळसा आणला, गव्हाणीवर चढली आणि दीडशेच्या खाली, सरांच्या पांढऱ्या शर्टावर लिहिलं : 'आठाच्या वीस. त्यातले सात घरचेच.' जागा भरपूर होती.

मागच्या आठवड्यात शेजारचा पिराजी आपल्या मोनाला घेऊन आला. थांब्यावरचा फ्लेक्स बघून त्याचं मन झालं होतं. मोनाला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, पण आता म्हणे त्याच क्लासला घालतो. स्वप्नालीनं त्याला हाताला धरून गोठ्यात आणलं, मान वर करायला लावली आणि कोळशाची ओळ दाखवली. सगळं सांगितलं तिनं, काही राखलं नाही. पिराजी चक्रावला. दारात उभ्या असलेल्या आकाराम यांना त्यानं विचारलं, "दादा, खरं हाय व्हय हे?"

मी आयुष्यात एवढा कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

आकाराम यांनी लेकीकडे बघितलं नाही. "दमलीया ती," ते म्हणाले. "कामाचा लई ताण हाय तिकडं. तू घाल मोनाला."

स्वप्नालीनं बादली उचलली आणि ती म्हशीपाशी जाऊन बसली. बापाला ती त्या दिवसापासून जेवायला वाढते, पण बोलत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणायची रीत आहे. माझी नका घेऊ. मी प्लास्टिकचा, लवकर कुजणार नाही, आणि गोठ्यात थेंब गळू देत नाही एवढं एकच खरं काम मी केलंय. काळजी करायची तर मोनाची करा. ती परवा सकाळच्या एसटीनं राजारामपुरीला गेली. पुढच्या वर्षी तिलाही मोजतील, आणि टक्के आणखी वाढतील.