ठकीची बरणी

टण्ण. निळं बटण, चार भोकांचं, एका भोकात अजून दोऱ्याचं शेपूट... काचेच्या बरणीत पडलं आणि त्याचा ब्रश दातांवरच थांबला. आता काय केलं आपण? दात तर घासत होतो. त्याआधी ठकीनं काहीतरी विचारलं, आपण काहीतरी बोललो, रोजचंच. तोंडात फेस असताना माणूस बोलून बोलून काय बोलणार?

गेले कित्येक दिवस हेच. पोरगी बापाकडे बघते आणि बरणीत बटण टाकते. का, ते विचारायची सोय नाही, कारण नियम त्याचाच. ठकीच्याच शाळेत तो मास्तर, संशोधन प्रकल्पांचा प्रमुख. 'प्रश्न मुलांचा, शोध मुलांचा, प्रदर्शनाआधी मोठ्यांनी नाक खुपसायचं नाही' हे फळ्यावर त्यानंच लिहिलेलं. उद्या प्रदर्शन. मोठ्या बाई, झाडून सगळे पालक, आणि मधोमध ही बरणी. वर पाटी 'माझे बाबा', आणि खाली... खाली काय? घोरणं? खेकसणं? की थापा? थापाच असणार.

त्यात घरातली सुटी बटणं संपली, तशी कार्टीनं त्याच्या शर्टांकडे मोर्चा वळवला. काल परिपाठाला 'कुतूहल जागं ठेवा!' म्हणत त्यानं दोन्ही हात उंचावले, वरचं एकुलतं बटण तटकन तुटलं आणि शर्ट बेंबीपर्यंत उघडा. पीटीचे सर कानाशी येऊन म्हणाले, "सर, पुरे. जागं झालंय."

संध्याकाळी त्यानं स्वतःच संशोधन सुरू केलं. आधी खाकरला. बरणी गप्प. मग ठकीच्या देखत बायकोला खणखणीत थाप मारली, "प्लंबरला दुपारीच फोन केला." ठकीनं मान वर केली, परत खाली घातली. बटण नाही. म्हणजे थापा नाहीत! जीव भांड्यात पडला... आणि लगेच बाहेर आला. मग थापांहून वाईट असं आपण करतो तरी काय?

"तुला माहितीये," तो बायकोला हळूच म्हणाला. "तोंडावरूनच दिसतंय."

"मला बाई काही माहीत नाही. आणि फोन केलाच नाहीस ना?"

ठकी बरणी काखेत मारून सिंकशी कप विसळत होती. "बाबा, नळाची धार वर जाड आणि खाली बारीक का होते रे?"

त्याची मान आपोआप तिरकी झाली, भुवया वर गेल्या, आवाजात वर्गातला मध उतरला. "तुला काय वाटतं?"

टण्ण.

...सकाळी फेसातूनही हेच. काल जेवताना हेच. आणि वर्गात? मागच्या बाकावरची ती मुलगी... सर, एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येते? तुला काय वाटतं? 'काही वाटत असतं तर विचारलं असतं का, सर?' वर्ग हसला होता, सगळ्यात मोठ्यानं तो. पद्धत आहे ती, शिबिरांत शिकवलीय आपण — मुलांना विचार करायला लावायचं — आणि उत्तर येत नसलं की काय सोयीची! त्या मुलीनं नंतर कधी काही विचारलं? आठवेना. आठवायचा प्रयत्न केला तरी आठवेना.

"सांग ना," ठकी म्हणाली. बोटांत पुढचं बटण तयार.

"माहीत नाही." आवाज त्याचाच होता, तरी दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

ठकीनं डोळे बारीक केले. "खरंच माहीत नाही, की बरणीला घाबरून म्हणतोयस?"

पोरीचा संशय रास्त होता. त्यालाही तोच आला. तो नळाशी वाकला — हे कुतूहल, की उद्याची अब्रू? — वर काचेच्या कांडीसारखी धार, खाली सुतासारखी, त्याखाली तुटत जाणारे थेंब. पाणी तर तेवढंच, मग मधे जातं कुठे? त्यानं नळ थोडा सोडला. थोडा आवळला. मागे ठकी काय करतेय ते बघायचं होतं त्याला, फार बघायचं होतं, पण मान वळवली तर हे निसटेल... आणि धार पुन्हा, नेमकी त्याच जागी, बारीक झाली.