रिकाम्या हातातलं पिस्तूल

ऑगस्टमधल्या त्या रविवारी वाळूच्या जुन्या खाणीतलं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. नेम धरायच्या लोखंडी तबकड्या मांडून झाल्या होत्या आणि आठ-दहा शहाणीसुरती माणसं रिकामे हात पुढे धरून, ओठांतल्या ओठांत काही मोजत, झोपेत चालल्यासारखी त्यांच्यामधून फिरत होती. नेमबाजीच्या फेरीआधी पाच मिनिटं असंच चालायचं. कुठे वळायचं, कुठली तबकडी आधी, ते अंगात मुरवायचं. त्या वेळी हातात पिस्तूल नको, हा नियम.

बाजूच्या टेबलाशी हेल्का आपलं पहिलं पिस्तूल निवडत होती. दोन वर्षं तिने क्लबच्या पिस्तुलांवर भागवलं; आता परवान्याच्या अर्जात एकाचं नाव लिहायचं होतं. समोर पॉइंट बावीस बोअरची तीन पिस्तुलं होती. त्यांतली दोन मित्रांकडून बघायला आणलेली, तिसरं तिच्या बाबांचं, ओर्वोंचं. तीस वर्षांचं, पोलादी. त्याची मूठ त्यांनी भूर्जाच्या लाकडी गाठीतून स्वतः कोरली होती, अंगठ्याला उंचावर खोबण ठेवून.

"डोळे मिट," ओर्वो म्हणाले. "हात उचल. आता उघड. नळीच्या टोकाची खूण मागच्या खाचेत आपसूक बसलेली दिसली पाहिजे. शोधावी लागली तर ते तुझं नव्हे."

पहिल्याची खूण आकाशात गेली. दुसरं हलकं होतं, छान होतं. खूण जराशी शोधावी लागली. तिसरं उचलून तिने डोळे उघडले, तर खूण खाचेत होती, जणू सकाळपासून तिथेच बसून वाट बघत होती.

ओर्वो मुद्दाम पाइनच्या झाडांकडे बघत होते. थर्मासमधली कॉफी ते हल्ली अर्धाच कप ओतून घेत. उजवा हात थरथरायचा. एकदा तिने त्यांचं पिस्तूल मागितलं की त्यांनी ते कायमचं खाली ठेवायचं, हे तिला कळत होतं. म्हणजे तुमचं झालं आता, असंच सांगणं ते.

"हे जड आहे, बाबा. दुसरं बरं."

"ऐकलंस का गं, रौनी? माझं पिस्तूल जाडं झालंय म्हणे."

"जाडा तू झालायस," घड्याळ तपासत रौनीमावशी म्हणाली. क्लबात तिचा शब्द शेवटचा. परवान्यासाठी दाखलाही तीच द्यायची. "पिस्तूल होतं तेवढंच आहे. जा गं हेल्का, तुझी पाच मिनिटं सुरू झाली."

हेल्का रिकामे हात पुढे धरून तबकड्यांमधून फिरून आली. ओर्वो कपाआड हसत होते. का, ते तिने विचारलं नाही. घरी जाताना दोघांनी रानात थांबून ब्लूबेरी खाल्ल्या, जिभा निळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरपण रचता रचता ओर्वो जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

मागे राहिलेल्या हत्याराचं काय करायचं, ते ठरावीक मुदतीत पोलिसांना कळवावं लागतं. भूर्जांची पानं पिवळी पडली तेव्हा हेल्का दाखल्यासाठी खाणीत रौनीकडे गेली.

"बाबांचं विकायचं," ती म्हणाली. "दाखल्यावर ते हलकं लिही, मावशी. त्यांना मी तसंच म्हटलं होतं."

रौनीने पेन उघडलं नाही. "आधी एक फेरी चाल. रिकाम्या हाताने."

"आत्ता?"

"मग काय, बर्फ पडल्यावर?"

हेल्का चालली. वाळूत स्वतःचीच पावलं दुरून आल्यासारखी ऐकू येत होती. तिसऱ्या तबकडीपाशी रौनी म्हणाली, "थांब. हात तसाच ठेव. अंगठा बघ कुठे आहे."

अंगठा उंच होता. हवेतल्या एका खोबणीत टेकलेला.

"असा अंगठा दुसऱ्या कुठल्या पिस्तुलाला ठेवतात?" रौनी म्हणाली. "त्या रविवारी तू अशीच फिरत होतीस, तेव्हा ओर्वोने मला कोपराने ढोसलं. म्हणाला, बघ, पोरगी माझंच घेऊन चाललीय. मी म्हटलं, मग देऊन टाक की. तर म्हणे, दिलं तर नको म्हणेल, माझीच आहे ती. मागू दे."

हेल्काने हात खाली घेतला नाही. धुकं तबकड्यांमधून हळूहळू सरकत होतं, कुणीतरी शेवटची फेरी आठवून बघत असावं तसं. तिने डोळे मिटले, उघडले. मग रौनीकडे न बघता, समोरच्या वाळूला म्हणाली,

"बाबा, तुमचंच हातात बसलं होतं. मला ते द्याल?"