केळीचा मामा कोण

मसुदा पहिला

“आगरी समाजातील लग्नगीतांवर आजवर पुरेसे संशोधन झालेले नाही.”

सरांनी ‘पुरेसे’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

“पुरेसे म्हणजे किती?”

समोर अंबिका. एम.ए. झालेली, पीएच.डी.ला नाव घातलेली, रेवदंड्याच्या विश्वंभर पाध्यांची मुलगी. नारळ-सुपारीच्या वाडीत वाढलेली.

“दोन पुस्तकं आहेत,” सर म्हणाले. “एक गोऱ्या साहेबाचं, एक आपल्या प्राध्यापकांचं. दोघांनीही धवले गोळा केलेत. या दोघांनी जे म्हटलेलं नाही ते आणा. कोणीच म्हटलेलं नाही असं काहीतरी. दसरा झाला की समिती बसेल. तोवर विषय नसेल तर शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाईल. ते माझ्या हातात नाही.”

शिष्यवृत्ती गेली की वसतिगृह जाणार. वसतिगृह गेले की रेवदंडा. आणि रेवदंड्यात आईने पेणचा एक ओव्हरसियर बघून ठेवला होता. तो वाईट नव्हता. त्याचा फोटो तिने पाहिला होता आणि फोटोत तो एका पुलाजवळ उभा होता.


मसुदा दुसरा

“या दोन्ही संग्रहांत एका ठिकाणी जागा रिकामी आहे.”

आगऱ्यांकडे धवलारीण नावाची बाई गाऊन लग्न लावते. तिची गाणी ती धवले. दोन्ही पुस्तकांत ती क्रमाने होती: हळदीचा, पाण्याचा, मांडवाचा, नवरी पाटावर बसल्याचा. आणि मग एकदम सासरच्या वाटेचा. पाटावर बसलेली नवरी पुढच्या पानावर रडत वाटेला लागते. मध्ये काहीतरी व्हायला हवे. लग्न तरी.

अंबिकेने शक्यता मांडल्या.

अ. प्राध्यापकांनी साहेबाची नक्कल केली. पण दोघांच्या गाण्यांचे शब्द वेगळे आहेत. उडी तेवढी सारखी.

आ. तिथे गाणेच नाही. पण लहानपणी वाडीच्या कुंपणाआडून ऐकलेले एक लग्न तिला आठवत होते. एक बाई गात होती आणि गाण्यातून नावे पुकारत होती, आणि प्रत्येक नावाला गर्दीतून कोणीतरी ओ देत होते. ते दोन्ही पुस्तकांत नाही.

इ. ते गाणे कोणाला सांगायचे नसते.

ई.

ई पुढे काही सुचले नाही, पण ई असायला हवा असे वाटत होते, म्हणून ठेवला.

“आठवण म्हणजे पुरावा नव्हे,” सर म्हणाले. “आणि कुंपणाआडून तर मुळीच नव्हे. जाऊन ऐका. लिहून आणा.”

हे १९५९चे साल. श्रावण लागला होता. श्रावणात लग्ने नसतात, हे अंबिकेला माहीत होते. समितीला ते माहीत असण्याचे कारण नव्हते.


मसुदा तिसरा

“सदर रिकाम्या जागेचे कारण”

(वाक्य इथेच थांबते. यापुढे जे आहे ते खाडीपलीकडे घडले.)

तरीतून खाडी ओलांडून ती सोनाबाईंकडे गेली. सोनाबाई तिथल्या आगरी वाडीची धवलारीण. आधी तिची सासू चंद्राबाई होती. दोन्ही पुस्तकांच्या शेवटी आभारात चंद्राबाईचे नाव होते. म्हणजे साहेबही इथेच आला होता आणि प्राध्यापकही इथेच. एवढे कळल्यावर अंबिकेला आपण हुशार असल्यासारखे वाटले. ते थोडा वेळच टिकले.

सोनाबाई ओटीवर जाळे विणत होती. शेजारच्या भागुबाई आणि रंगू तांदूळ निवडत होत्या.

“पाध्यांची पोर ना तू? बस. च्या घेतंस?”

अंबिकेने चहा घेतला, इकडचेतिकडचे बोलली आणि मग विचारले. पाटावर बसवल्यानंतर कोणते गाणे म्हणता?

“लगीन कुनाचं हाय?”

“कोणाचं नाही. मला फक्त ऐकायचंय.”

“लगीन न्हाय त धवला कसा गानार, बाय? धवला गायला की लगीन लागतंय. मी काय रेडिओ हाय?”

“पण साहेबाला गाऊन दाखवलं होतं ना चंद्राबाईंनी?”

यावर तिघी हसायला लागल्या. भागुबाईने सूप खाली ठेवले. हसणे संपेना, तेव्हा सोनाबाईने बोट करून अंगणाच्या कोपऱ्यातला माड दाखवला. उंच, खाडीकडे कललेला.

“तो नवरा.”

“कोणाचा?”

“केळीचा.”

साहेब असाच भर पावसात आला होता. वाडीत लग्न नव्हते, आणि लग्नाशिवाय चंद्राबाई तोंड उघडेना. साहेब म्हणाला, मी उद्या जाणार. मग पाटलाने डोके चालवले. परसातली एक केळ आणली, तिला हळद लावली. माडाचे रोप आणले, त्याला मुंडावळ्या बांधल्या. दोघांना पाटावर ठेवून चंद्राबाईने धवले गायले. साहेब खुर्चीत बसून लिहीत होता.

“मंग पाटावर बसल्यावं नावं घ्यायची असतात,” सोनाबाई म्हणाली. “बापाचं, आयेचं, मामाचं, आत्याचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं ‘हाय गो’ म्हनायचं. आता केळीचा मामा कोन?”

“माडाची आत्या कोन?” रंगू म्हणाली.

“सासूबायनं साऱ्या वाडीकडं बघतलं. कोन बोलायलाच तयार न्हाय. पाटील म्हनला, जाऊ दे, पुडं गा. गेली पुडं.”

“आणि प्राध्यापक?”

“तो धोतरवाला? तो पन असाच कवातरी, गनपतीच्या सुट्टीत. तवर ती केळ मेलेली. केळ काय, येक घड दिला का झालं. माड रांडवा होता. त्याला दुसरी केळ केली.”

“आणि तेव्हाही केळीला मामा…”

“दुसऱ्या केळीला कुठला मामा आला?”

अंबिकेच्या पेनातून शाई टपकली. तिने महिनाभर अ, आ, इ मांडले होते. समाजाची गुप्तता, विस्मृती, लेखकांचा निष्काळजीपणा, असे सगळे. ‘नवरीला नातेवाईक नव्हते’ हे कुठेच मांडले नव्हते. ई म्हणून ते चालले असते का? आणि हे जर कारण असेल तर ही रिकामी जागा कोणाची? आगऱ्यांची? साहेबाची? की केळीची?

“सोनाबाई, मार्गशीर्षाच्या आधी एखादं तरी लग्न…”

“न्हाय.”

“मग माझं काम अडतंय. दसऱ्याआधी नाही नेलं तर मला घरी बसवतील. लग्न लावून देतील.”

हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती. सोनाबाईने जाळ्यातली सुई थांबवली.

“म्हंजे लगीन नको म्हनून तुला लगीन पायजे.”

“हो. तसंच.”

“मंग बस पाटावर. तुला मामा हाय ना?”

“आहे. हरीमामा.”

“झालं त.”

“पण नवरा?”

तिघींनी पुन्हा माडाकडे पाहिले.

“तिजवर हाय,” भागुबाई म्हणाली. “पन दारू पीत न्हाय.”

“पीत न्हाय, देतो!” रंगू म्हणाली. “आता सरकारनं बंदी केलीया म्हनून, न्हायतर…”

“गप गो. पोरीला हसू नका. कवळी हाय, घाबरतंय.”

अंबिका घाबरली नव्हती. तिला फक्त विचार करायला वेळ हवा होता. हे खोटे आहे, तर करायला हरकत नाही. खोटे आहे, तर ते पुरावा नाही. खरे आहे, तर पुरावा आहे, पण मग हरकत आहे. ती एका कडेने विचार करत निघाली की दुसरी कड सुटायची.

“सोनाबाई, हे खरं लग्न धरायचं का?”

“मी खोटं गात न्हाय,” सोनाबाई म्हणाली, आणि हात धुवायला गेली.


मसुदा चौथा




(हा मसुदा नाही. इथे लिहिता आले नाही. का, ते खाली.)

माडापुढे पाट ठेवला. अंबिकेला हळदीचे बोट लावले. वही तिने मांडीवर उघडून ठेवली होती, पेन टोपण काढून. मग सोनाबाईने तिची ओंजळ पुढे घेतली आणि तीत तांदूळ ओतले, काठोकाठ.

“सांडायचं न्हाय. गानं संपंपरेंत.”

“पण मला लिहायचंय.”

“नवरी लिवती काय?”

सोनाबाई गाऊ लागली. हळदीचा, पाण्याचा, मांडवाचा. हे सगळे पुस्तकात होते आणि अंबिका मनातल्या मनात पाने उलटत होती. मग पाटावर बसल्याचा. मग पान संपले.

“बापा गो ईश्वंभर, कुठं रं बसलाव…”

आणि सोनाबाई थांबली. तिघी अंबिकेकडे बघू लागल्या. कोणीतरी ओ द्यायला हवी होती. तिचे वडील, अण्णा, खाडीपलीकडे होते, बहुधा सुपारी सोलून घेत. गाणे थांबलेलेच राहिले. रंगूने भुवया उडवल्या.

“हाय गो,” अंबिका म्हणाली.

गाणे पुढे गेले. बापाकडे गाण्याने काहीतरी मागितले, एक ओळ, दोन ओळी, आणि पुन्हा थांबले, आणि अंबिकेने अण्णांच्या वतीने पुन्हा ‘हाय गो’ म्हटले. मग आई. गोदावरी हे नाव गाण्यात आले तेव्हा ते आईचे आहे हे तिला क्षणभर कळलेच नाही. घरात ते नाव कोणी घेत नसे; खाडीच्या या काठाला मात्र पाध्यांच्या घरची सगळी नावे ठाऊक होती. मग हरीमामा, काका, आत्या, मेलेली आजीसुद्धा. मेलेल्यांनाही पुकारतात का? तिने आजीसाठी ओ दिली. माडाच्या आत्या-मावश्या म्हणून भागुबाई आणि रंगूच ओ देत होत्या, आणि त्या आता हसत नव्हत्या.

प्रत्येकाकडे काहीतरी मागितले जात होते. ती ‘हाय’ म्हणत होती. तांदूळ सांडू नयेत म्हणून बोटे घट्ट धरली होती. वही मांडीवरून घसरून पाटाखाली गेली. पुढची ओ द्यायची तर नाव नीट ऐकायला हवे, आणि नाव ऐकताना आधीची ओळ निसटायची.

संपले. तांदूळ माडाच्या बुंध्यापाशी टाकले.

“आता पुन्हा एकदा सावकाश सांगाल का?” अंबिकेने वही झटकत विचारले. “नुसते शब्द. गाऊ नका.”

“लगीन दोनदा लावू?”

“अण्णांकडे काय मागितलं तुम्ही? मी हो म्हटलंय त्यांच्या वतीनं.”

“मंग तुला ठाव असंल.”

“मला आठवत नाही!”

“कुनाला आठवतंय?” सोनाबाई म्हणाली. “माज्या लग्नात माज्या बापाकडं काय मागलं, मला न्हाय ठाव. दुसऱ्यांचं सांगंन, त्यांच्या लग्नात. पन दुसऱ्यांचं दुसऱ्यांच्या नावाचं.” मग तिने अंबिकेच्या कपाळावरची हळद पदराने जरा नीट केली. “मार्गशीर्षात रंगूच्या पोरीचं हाय. ये. पन येताना लक्षात ठेव, जिच्यावं धवला गायला तिनं पुडच्या लग्नात ओ द्यायला उभं ऱ्हायचं. कुनाचा मामा आला नसंल, कुनाची आत्या मेली असंल. तिथं वही काढशील त मी थांबंन.”

“मी परकी आहे, सोनाबाई. माझं कसं चालेल?”

“मगाशी न्हाय चाललं?”

तरीत बसून तिने लिहायचा प्रयत्न केला. विश्वंभर. गोदावरी. हरी. नावे सगळी होती, तिच्याच घरची. मधल्या ओळी नव्हत्या. साहेबाने आणि प्राध्यापकांनी सोडली होती तेवढीच जागा तिच्याही वहीत सुटली होती. त्यांची सुटली कारण कोणी ओ दिली नाही. तिची सुटली कारण तिने दिली. हे दोन्ही एकच की वेगळे? काठ येईपर्यंत तिला ठरवता आले नाही.

घरी आईने कपाळ पाहून विचारले, “हे काय लावून आलीस?”

“काम झालं,” अंबिका म्हणाली. आईने ते ओव्हरसियरच्या बाजूचे उत्तर समजले की विरुद्ध, कोण जाणे. ती भाजी चिरायला वळली.


मसुदा पाचवा

“या दोन्ही संग्रहांत जी जागा रिकामी आहे तेथे काय आहे हे मला माहीत आहे, ते मी लिहून आणू शकत नाही.”

सरांनी वाक्य दोनदा वाचले. दोन तुकड्यांच्या मध्ये पेन्सिल टेकवली, पण गोल काढला नाही.

“गाणं ऐकलंत?”

“हो.”

“कोणाच्या लग्नात?”

अंबिकेने सांगितले. केळ, माड, दुसरी केळ, तांदूळ. सांगताना ते जितके नीट सांगावे तितके वेडगळ होत गेले. सर मध्ये हसले नाहीत. ते हसले असते तर बरे झाले असते.

“म्हणजे या भागाचा माहितीचा स्रोत कोण? त्या बाई?”

“मी.”

“तुम्ही संशोधक आहात.”

“त्या वेळी नव्हते.”

“मग मार्गशीर्षात एखाद्या लग्नाला जा. मागे बसा. लिहून घ्या. तासाभराचं काम आहे. कोणीही करेल.”

हे खरे होते. कोणीही करेल. सर स्वतः जाऊन बसले तर तासाभरात सगळ्या ओळी घेऊन येतील आणि पुस्तकातली जागा भरेल. ती भरू शकणार नाही अशी जगात एकच व्यक्ती होती आणि शिष्यवृत्ती तिलाच हवी होती.

“मी नाही लिहू शकणार, सर. मला ओ द्यावी लागेल.”

“नाही दिली तर?”

“तर गाणं थांबेल.”

“मग विषय काय राहिला?”

“हाच.”

“हा म्हणजे कुठला?”

तिने कागदाकडे बोट केले.

बाहेर शिपाई कोणाला तरी कपबशांवरून बोलत होता. सरांनी साहेबाचे पुस्तक कपाटातून काढले, ते पान उघडले, प्राध्यापकांचे काढले, तेही पान उघडले, आणि तिचा कागद दोन्हींच्या मध्ये ठेवला. तीन पाने शेजारी शेजारी.

“मला हे कळलेलं नाही,” ते म्हणाले. “समितीलाही कळणार नाही. पण याआधी हे कोणी म्हटलेलं नाही, एवढं मात्र खरं.”

आणि त्यांनी पेन्सिल ठेवून पेन उचलले आणि सही केली.

अंबिका जिना उतरून खाली आली. समिती बसायच्या आत विषयावर सही झाली होती, म्हणजे शिष्यवृत्ती राहिली होती. ओव्हरसियरला आता ‘नाही’ म्हणून कळवता येणार होते, आणि कारण काय सांगायचे ते आई विचारणार होती. तिने सही वाळली का ते बघितले आणि वाक्य पुन्हा वाचले. दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटले. यावर आता तीनशे पाने लिहायची होती.