विहिरीचं पाणी आणि डॉक्टरसाहेबांचे मासे

दोहात आमच्या कंपनीचा दवाखाना होता. तिथे बसायच्या खोलीत एक काचेची टाकी, तीत गप्पी आणि चार सोनमासे. मासे डॉक्टरसाहेबांचे, निगा कंपाउंडर महमूदभाईंकडे. मी लॅबमध्ये बॉयलरचं पाणी तपासायचो. सन बासष्टची गोष्ट.

महमूदभाई माझे शेजारी, माझ्यासारखेच रत्नागिरीचे. समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं केलेलं प्लांटचं पाणी त्यांना मेलेलं वाटे. दर शुक्रवारी नमाजनंतर ते दोहाबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावातल्या एका मळ्यातून विहिरीच्या पाण्याचे डबे भरून आणत. गावी विहिरीत मासे सोडायचे, ते जगले की पाणी प्यायचं, हा त्यांचा हिशेब. म्हणून ते पाणी त्यांनी आधी टाकीत ओतलं. महिनाभर मासे ठणठणीत राहिले. मग तेच पाणी घरी, त्यांच्या चार महिन्यांच्या लेकीच्या, जन्नतच्या, दुधाच्या बाटलीत जाऊ लागलं.

"मासा जगतो तिथं माणूस का नाय जगणार?" ते म्हणाले. मीही त्या पाण्याच्या चहाचं तोंडभरून कौतुक केलं.

थोड्याच दिवसांत जन्नतचे ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टरसाहेबांना हृदयात दोष असल्याचा संशय आला. पुढच्या बोटीनं मुंबईला न्या, म्हणाले. बोटीचे सात दिवस पोरगी काढेल की नाही, हे कुणी बोललं नाही. तिची आई रुकैयाभाभी तिचं पाणी दुप्पट वेळ उकळू लागली. मी रोज संध्याकाळी जाऊन "इन्शाल्ला, बरी होईल" म्हणून परत यायचो. आज स्वतःचीच चीड येते.

बोटीला पाच दिवस असताना दोन सोनमासे मेले आणि मला दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं. टाकीत नायट्रेट भरमसाट होतं. माशांच्या घाणीतून ते साचतं; खाणं कमी केलं, रोज पाव टाकी पाणी बदललं की उतरतं. मी तसं सांगितलं, महमूदभाईंनी इमानानं केलं. तिसऱ्या दिवशी आकडा आणखी चढला.

"पाणी बदलता की जुनंच परत ओतता?" मी वैतागून विचारलं.

"अल्लाची कसम, डब्यातलं ताजं टाकतो!"

मी डबा तपासला. त्यात टाकीपेक्षा जास्त नायट्रेट होतं. मळ्यातलं खत झिरपून विहिरीत उतरत होतं.

मोठ्या माणसांना ते पचतं, माशांनाही बरंच पचतं. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र त्यानं निळं पडतं. उकळून ते जात नाही. पाणी आटतं तसं उलट वाढतं. हे सगळं मी शिकलो होतो, परीक्षेपुरतं.

महमूदभाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात माशांची जाळी होती. "म्हंजे मीच पाजलं?" एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही घरी धावलो. भाभीच्या हातात बाटली तयार होती. ती मी हिसकावून मोरीत ओतली.

डॉक्टरसाहेबांनी इंजेक्शन दिलं. दूध प्लांटच्या पाण्यात होऊ लागलं. बोट गेली त्या दिवशी जन्नत घरीच होती, आणि तिचे ओठ लाल होते.

भाभीनं मला चहा दिला. "इनायतभाई, तुम्ही होता म्हणून पोर वाचली."

मी कप खाली ठेवला. माशांसाठी एकदा बोलावलं, तर मी तपासणीच्या बाटल्या घेऊन धावलो होतो. या घरी रोज येत होतो, ते रिकाम्या हातानं.