आहेत की होत्या

चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की भाची काउंटरमागे लॅपटॉप उघडून बसायची. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून फुकटात लिहायचा एक ज्ञानकोश होता आणि तिला त्याचं वेड लागलं होतं. मालक म्हणायचे, "पगार माझा आणि काम जगाचं. छान चाललंय तुझं!" ती हसायची, कुणाच्या तरी चष्म्याचा सैल झालेला स्क्रू पिळून द्यायची आणि पुन्हा लिहायला बसायची.

तिचा सगळ्यात जिव्हाळ्याचा लेख स्वतःच्या आत्यावर होता. आत्या एके काळी सर्कशीत तारेवरून सायकल चालवायची. आपल्या माणसाचं कौतुक आपणच केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून भाचीने वाक्यावाक्याला जुन्या बातमीचा आधार दिला होता. आता आत्याचे पाय साथ देत नव्हते. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायचं म्हणजे मोठीच मोहीम. तिचं मागणं मात्र एकच होतं.

"लेख राहू दे गं, वाचतंय कोण एवढं! माझा तो फोटो लाव."

तो फोटो, म्हणजे उंच तारेवर सायकल, एका हातात छत्री आणि चेहऱ्यावर असं हसू, की खाली जमीन आहे की नाही याची बाईला फिकीरच नाही. भाचीने शब्द दिला. पण फोटो एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने काढलेला, म्हणजे हक्क त्यांचा. असे परक्यांचे फोटो ज्ञानकोशात 'उचित वापर' म्हणून लावता यायचे, पण अटी होत्या. त्यातली सगळ्यात चिवट अट अशी, की त्या जागी नवा, सर्वांसाठी खुला फोटो काढणं शक्यच नसलं पाहिजे. माणूस गेलेला असेल तर प्रश्न मिटला. हयात असेल तर उठा, कॅमेरा घ्या आणि काढा.

या अटीवर डोळ्यांत तेल घालून बसलेला एक संपादक होता. दिसला फोटो की काप, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. त्याने आत्याचा फोटो संध्याकाळच्या आत उडवला आणि लेखाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, "व्यक्ती हयात आहे. नवा फोटो काढता येईल."

भाचीचं डोकं फिरलं. तिने उत्तर ठोकलं, "ऐंशी वर्षांच्या बाईला पुन्हा तारेवर चढवू का?"

"तारेवर कशाला? खुर्चीत बसवा. लेख बाईंवर आहे, तारेवर नाही."

माणूस चुकीचं बोलत नव्हता, याचाच तिला जास्त राग आला. तिने घरी जाऊन नव्या फोटोचा विषय काढून पाहिला. आत्या उसळलीच. "ही मान? हे केस? जगापुढे? पुन्हा नाव काढू नकोस!"

मग भाचीने करू नये ते केलं. फोटो पुन्हा चढवताना कारण निवडायचं असतं. तिने 'व्यक्ती हयात नाही' हे कारण निवडलं. एका रकान्याने कुणाचं काय बिघडतंय, अशी तिने मनाची समजूत घातली. कात्रीने कारण पाहिलं आणि फोटो राहू दिला. आत्याने तो पडद्यावर पाहिला, लहान मुलीसारखी खूश झाली आणि भाचीने ती खुशी पाहून स्वतःला माफ करून टाकलं.

पण सगळ्यांनी मिळून लिहायचं म्हणजे सगळेच लिहितात. व्याकरणवाला या टोपणनावाचा एक सज्जन तिथे क्रियापदं नीट करत फिरायचा. त्याने कारण वाचलं, लेख जुना राहिलाय असं त्याला वाटलं आणि बिचाऱ्याने खपून लेखभर 'आहेत'चं 'होत्या' केलं. खाली बदलाची नोंदही आदराने केली, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

रविवारी सकाळी फोन वाजला. आत्याने स्पीकर लावला. सर्कशीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे काका होते आणि ते रडत होते.

"ताई गेल्या आणि आम्हाला साधं कळवलंही नाहीत?"

"कोण गेलं?"

"अहो, आपल्या ताई! सायकलवाल्या!"

"मीच बोलतेय."

मग काका आधीपेक्षा मोठ्याने रडायला लागले. "एकदा भेटून जावं असं किती दिवस मनात होतं," ते म्हणाले. "राहूनच गेलं म्हणून जीव जळत होता हो."

"मग या की. मी कुठे जातेय?"

फोन ठेवून आत्याने भाचीकडे पाहिलं. भाचीने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तो फोटो लागायला मी मरायला हवं?"

"नियम तसा आहे."

"आणि तू मला मारलंस."

"हो," भाची म्हणाली आणि तिला रडू आलं. लाज वाटत होती आणि भीतीही, कारण तो रकाना एक दिवस खरा होणार होता. आत्या मात्र खो खो हसली.

भाचीने चर्चेच्या पानावर चूक कबूल केली. कात्रीने फोटो काढला, पण पुढे लिहिलं, "त्या आहेत हे वाचून बरं वाटलं. उचित वापर म्हणजे शेजाऱ्याची शिडी मागून आणणं. कामापुरती आणायची, घराची शोभा म्हणून दारात उभी करायची नाही. त्या कसरतीबद्दल आणि त्या फोटोबद्दल नीट लिहा. त्या मजकुराशेजारी तो लावायला माझा पाठिंबा राहील. लेखाच्या सुरुवातीला चेहरा मात्र आजचा हवा."

आत्याने ते दोनदा वाचून घेतलं. मग कंगवा मागितला, केस विंचरले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली.

"काढ."

"नको असेल तर राहू दे, आत्या."

"तो ट्रम्पेटवाला रडला ना, तेव्हा लक्षात आलं. तारेवरची ती सगळ्यांच्या लक्षात आहे गं. इथे बसलेली मी कुणालाच माहीत नाही. काढ म्हणते ना!"

भाचीने फोटो काढला. "हा कुणीही कुठेही वापरू शकेल हं. अगदी जाहिरातीतसुद्धा."

"कशाच्या, वॉकरच्या? वापरू देत."

फोटो लागला. मग दोघी लेखातली क्रियापदं दुरुस्त करायला बसल्या. आत्या नव्या चष्म्यातून वाचत होती, भाची बदलत होती. 'ज्येष्ठ कलावंत होत्या'चं 'आहेत' झालं. 'भाचीसोबत राहत होत्या'चं 'राहतात' झालं. भाचीला आता चेवच चढला होता. पुढची ओळ आली, 'त्या तारेवरून सायकल चालवत होत्या', आणि तिने धडाक्यात 'चालवतात' करून टाकलं.

आत्याने तिचा हात धरला.

"तिथे होत्याच राहू दे," ती म्हणाली. "सायकल सुटली गं. मी आहे."