पान एकेचाळीस

घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या भेटींचं वेळापत्रक ठेवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. रुग्णाची वेळ बदलली की उद्यापासूनच्या यादीतून त्याचं नाव गळायचं. यादी बंद करून पुन्हा उघडली की परत दिसायचं. ही युक्ती मी माहितीपुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर लिहिली होती. कंपनीत माझं काम तेच, लिहिण्याचं.

माझी बहीण इर्या शहराच्या कडेला, हेर्वान्तात एकटी राहते. तिला इन्सुलिन टोचायला येणाऱ्या नर्सेसही हेच सॉफ्टवेअर वापरायच्या. म्हणून जूनमध्ये धीर गोळा करून मी हेन्रीकाच्या टेबलापाशी गेलो. ती आमची प्रोग्रॅमर.

"ते नाव गळण्याचं... दुरुस्त होईल का गं?"

"यंदा तक्रारी किती आल्या त्याच्या? तीन. पूर्वी महिन्याला साठ यायच्या. तुझ्या पानाने माझं काम खाल्लं, म्हातारबा. जास्त तक्रारी त्याचं आधी, साहेबांचा नियम. तुझं हे पार तळाला."

"मग?"

"मग पान जरा वाईट लिही. जुलैत सुट्टीवरच्या नर्सेसच्या जागी बदलीच्या मुली आल्या की फोन करून जीव खातील. ऑगस्टमध्ये मी दुरुस्त करीन." ती हसली. मग कॉफी ओतताना म्हणाली, "खरंच सांगतेय."

इर्याचं नाव मी काढलं नाही. स्वतःच्या माणसासाठी रांग मोडायची मला लाज वाटते.

आठवडाभर ते पान घेऊन बसलो. एक वाक्य लांबवलं, एक पायरी गाळली. जमेना. उलट ते आणखी नीट केलं, लाल चौकटीत घातलं. तेव्हा वाटलं, हा प्रामाणिकपणा आहे. आता वाटतं, नुसता गर्व होता.

जुलैत सगळं ऑफिस उन्हाळ्याच्या सुट्टीला तळ्याकाठच्या घरांत गेलं. मीही पुस्तकं घेऊन गेलो. बदलीवरच्या एका मुलीने इर्याची वेळ आठाची नऊ केली. यादी बंद करून उघडली नाही. तिला पुस्तिका कुणी दिलीच नव्हती. दोन दिवस इर्याकडे कुणी फिरकलं नाही. तिनेही कुणाला फोन केला नाही. कशाला त्रास द्यायचा, हा आमच्या घरचा रोग. शेजारणीने दार उघडवलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती.

ती वाचली. पण आता मला वडिलांच्या नावाने हाक मारते.

चौकशी झाली आणि दोष दुरुस्त्यांच्या यादीत सगळ्यात वर आला. हेन्रीका सकाळी दुरुस्तीला बसली, जेवणाच्या सुट्टीआधी काम संपवून उठली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तौनो, एकेचाळीस काढून टाक. आता लागणार नाही."

काढण्याआधी मी ते पान एकदा वाचलं. एकही शब्द जास्तीचा नव्हता.