जाळीची टोपी

माझ्या प्रणालीचं बाळंतपण भर उन्हाळ्यात, म्हणून मी नातवासाठी क्रोशाची सुती, जाळीदार टोपी विणली. या उन्हात लोकर कोण घालते? उरलेली लोकर तर मी होळीआधीच वाटून टाकली.

पोरगं दिवस भरायच्या आतच झालं, मुठीएवढं. नर्स म्हणाली, "आजी, बाळ गार पडून राहिलं. लोकरीची टोपी आणा."

सौंसरचा अख्खा बजार पालथा घातला. माठ भेटले, बर्फाचे गोळे भेटले, लोकर नाही.

"दिवाळीनंतर या, काकू," दुकानदार हसला. मेल्याच्या डोक्यावर माठ फोडावासा वाटला.

तशीच परतले. बाळाचं डोकं तळहातानं झाकलं. बाहेर डांबर वितळून राहिलं होतं, मला घामाच्या धारा, अन् हाताखाली ते डोकं गारच.